मेंगबाईंचे तीन जादा शब्द

मेंगबाईंना चिडवायला फार काही करावं लागत नसे. "बाई, इथे एखादा शब्द पदरचा घातला तर काय बिघडतं?" एवढं विचारलं की पुरे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा आणि पुढची पंधरा मिनिटं समोरच्याची खैर नसायची. "पदरचा? औषधाच्या कागदात पदरचा शब्द? उद्या डॉक्टरला म्हणाल, पदरचं एक इंजेक्शन टोचा!"

पूर्ण नाव मेंग युनदोक, वय सहासष्ट. देजन शहरात, जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत एक शेवयांची खानावळ होती, तिच्या वरच्या खोलीत त्या राहायच्या आणि तिथेच बसून औषधांचे इंग्रजी कागद कोरियन भाषेत आणायच्या. गोळ्यांच्या खोक्यात एक पातळ कागद असतो बघा, आपण उघडतो आणि मग काही केल्या त्याची पहिल्यासारखी घडी बसत नाही, तो. शिवाय एखादं नवं औषध रुग्णांना देऊन पाहायचं असेल, तर त्यांच्या हातात द्यायची माहितीपत्रकं. वाचणारे फारसे नसतात, पण लिहिणारं कुणीतरी लागतंच की.

बाई कॉलेजात गेल्या नव्हत्या. विसाव्या वर्षी सोलमधल्या एका औषध कंपनीत टायपिस्ट म्हणून लागल्या. साहेब इंग्रजी कागद समोर टाकायचा आणि म्हणायचा, "जसाच्या तसा टाइप कर, समजून घ्यायची गरज नाही." आता, गरज नाही म्हटलेली गोष्ट बाईंना हवीच असायची. डबा खाताना एका हातात जेवायच्या काड्या आणि दुसऱ्या हातात शब्दकोश, असं करत त्यांनी सात वर्षांत साहेबाच्याच चुका काढायला सुरुवात केली. साहेबाने त्यांना टायपिंगवरून उठवून भाषांतराला बसवलं. तोंड बंद करायचा दुसरा उपाय त्याला सुचला नसावा.

आणि ते काम काय सरळ होतं? शाळेत बाई मिठातल्या धातूला नात्रियम म्हणायला शिकल्या. उतारवयाकडे झुकल्या तेव्हा रसायनवाल्यांच्या समितीने ठरवलं, आता सोडियम म्हणा. योओद गेलं, आयोडीन आलं. मिथेन, ब्युटेन, सगळ्यांची नव्याने बारशी झाली. पोरांना शाळेत नवी नावं आणि औषधाच्या दुकानात जुनी. डॉक्टरांचं तर विचारूच नका. गुडघ्याच्या वाटीला ते आपसात बोलताना इंग्रजी शब्द वापरतात, पुस्तकात चिनी वळणाचा जड शब्द लिहितात आणि नवी समिती म्हणते, साधं 'गुडघ्याचं हाड' म्हणा. तिन्ही बरोबर! बाईंनी चपलांची रिकामी खोकी चिठ्ठ्यांनी भरून ठेवली होती. एका शब्दाला एक चिठ्ठी, आणि तिच्यावर कुठल्या साली कोण काय म्हणत होतं त्याची सगळी कुंडली.

पण शब्द शोधला म्हणजे झालं असं नाही. या धंद्यात एक जुनी रीत आहे. बाईंनी केलेलं कोरियन दुसऱ्या एका माणसाकडे जातं. त्याने मूळ इंग्रजी बघायचं नाही, फक्त बाईंच्या कोरियनवरून पुन्हा इंग्रजी करायचं. मग दोन्ही इंग्रजी कागद शेजारी ठेवायचे. फरक दिसला की भाषांतरात घोळ. हा उलटं भाषांतर करणारा माणूस कोण, ते बाईंना कधीच सांगत नसत आणि त्यालाही बाई माहीत नसत. वीस वर्षं एकच माणूस ते करतोय हे बाईंनी त्याच्या स्वल्पविरामांवरून ओळखलं होतं. त्यांनी त्याचं नाव ठेवलं होतं उलटोबा. "उलटोबाचं पोट बिघडलेलं दिसतंय या आठवड्यात. प्रत्येक वाक्याला कुरकुरतोय." त्यांच्या एका शब्दावर उलटोबाने शंका काढली की त्या दिवसभर धुसफुसायच्या, आणि पुढच्या कामात तो शब्द गुपचूप बदलायच्या. वीस वर्षांत या दोघांनी मिळून एक चूक बाहेर जाऊ दिली नव्हती. बाईंना याचा केवढा ताठा होता म्हणून सांगू!

उलटोबाच्याही आधी एक परीक्षा असायची. ती भाषांतराची कामं देणाऱ्या कंपनीला ठाऊक नव्हती, कारण नियमात बसणारी नव्हती. कागद तयार झाला की बाई तो घेऊन खाली खानावळीत यायच्या आणि पिलनामताईंना वाचून दाखवायच्या.

पिलनामताई म्हणजे खानावळीच्या मालकीण. वय एकाहत्तर. पिलनाम या नावाचा अर्थ 'आता नक्की मुलगा'. चौथी मुलगी झाल्यावर बापाने वैतागून ठेवलेलं नाव. पुढे खरंच मुलगा झाला. ताई म्हणायच्या, "नाव मी वागवलं, मुलगा त्यांना झाला, आणि पीठ अजून मीच मळतेय." त्यांच्या हातच्या, सुरीने कापलेल्या शेवया खायला लोक गावाच्या दुसऱ्या टोकावरून यायचे. बाई वाचत असायच्या आणि ताई हातभर लांब लाटण्याने पोळी लाटत असायच्या. वाक्य समजलं तर लाटणं चालू. लाटणं थांबलं की बाईंनी समजायचं, इथे माशी शिंकली.

"'औषध मुखावाटे सेवन करावे.'"

लाटणं थांबलं. "मुखावाटे? मग बाकीचे काय कानात घालतात?"

"बरं, 'गिळावे' लिहिते. 'प्रतिकूल घटना घडल्यास त्वरित कळवावे.'"

"सून रुसून माहेरी गेली तर कळवायचं का?"

"ताई! औषधामुळे त्रास झाला तर, असं म्हणायचंय."

"मग तसं म्हण की मेले! एवढी शिकलीस आणि साधं बोलता येईना?"

बाई तणतणत वर जायच्या आणि 'त्रास झाला तर' असं लिहायच्या. नवरा जाऊन अठरा वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन परदेशात; बाईंना माणूस असं हे एकच उरलं होतं. दर रविवारी खानावळ बंद असली की दोघी खालीच सकाळचा भात खायच्या, ताईंच्या हातची मुळ्याची आंबवलेली किमची आणि बाईंनी करपवलेलं ऑम्लेट.

दोन वर्षांपूर्वी ताईंच्या हातांना कंप सुटला. आधी कप हिंदकळायचा, मग चमचा. मग सुरी. शेवया कुठे दोरीएवढ्या, कुठे केसाएवढ्या. गिऱ्हाईक जुनं, कुणी तोंडावर बोललं नाही. पण वाडग्यात शेवया उरायला लागल्या. बोटं दोनदा कापली. भाचा म्हणाला, मावशी, यंत्र आणून देतो. ताई त्याच्यावर अशा खवळल्या, की तो पुन्हा महिनाभर फिरकला नाही. "यंत्राच्या शेवया विकायच्या तर दुकान कशाला हवं? या उन्हाळ्यापर्यंत हात आवरला तर आवरला, नाहीतर कुलूप." हे त्या मोठ्याने म्हणायच्या, पण बाईंना माहीत होतं. दुकान गेलं तर ताई वर्षभरात अंथरूण धरतील.

अशात बाईंच्याच टेबलावर एक काम आलं. हाताच्या कंपावरचं नवं औषध. शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात ते दीडशे लोकांना देऊन पाहणार होते आणि खोट्या गोळ्या कुणालाच नव्हत्या, सगळ्यांना खरं औषध. बाईंनी कागद केला, खाली वाचून दाखवला, लाटणं एकदाही थांबलं नाही. उलटोबाचं इंग्रजी आलं, मूळ इंग्रजीशी तंतोतंत जुळलं. मग बाईंनी ताईंच्या मागे भुणभुण लावली. "जा ताई. नाव घाल. कागद मी लिहिलाय, त्यात काही काळंबेरं नाही."

"तू लिहिलायस ना? मग झालं," ताई म्हणाल्या आणि जाऊन सही करून आल्या.

आठवडे गेले. चार, सहा, दहा. हात काही आवरेना. बाई रोज जिन्यावरून वाकून विचारायच्या, "गोळ्या घेतेस ना?" आणि ताई करवादायच्या, "घेते गं बाई, लिहिलंय तश्शाच घेते!" एक मात्र होतं. रविवारी ताईंचा हात जरा बरा वाटायचा. किमची कापताना सुरी तेवढी नाचायची नाही. बाईंना वाटायचं, विश्रांती मिळते म्हणून असेल.

बाराव्या आठवड्यातल्या गुरुवारी इस्पितळात शेवटची तपासणी होती. आतापर्यंत फरक नसेल तर औषध बंद, नाव कमी, असा नियम. तो नियमही बाईंनीच भाषांतरित केलेला. मंगळवारी दुपारी, गिऱ्हाईक ओसरल्यावर, बाई सुई शोधायला ताईंच्या कपाटात हात घालतात तर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खुळखुळला. उघडून बघतात तर काय! आत पांढऱ्या गोळ्या. बाईंनी तिथेच फरशीवर बसून मोजल्या. एकाहत्तर.

"ताई, हे काय आहे?"

ताई भांडी घासत होत्या. मागे वळल्या आणि त्यांचा चेहरा चोरी पकडलेल्या पोरीसारखा झाला. "अगं, उरलेल्या आहेत. ते काय तीन महिन्यांनी फुकट देणार आहेत का? म्हटलं, नंतर होतील."

"उरल्या कशा? आणि इस्पितळात काय सांगितलंस?"

"रिकामी पाकिटं दिली परत. भल्या माणसाला कशाला वाईट वाटू द्यायचं? केवढा आजी आजी करतो तो डॉक्टर."

"मला रोज सांगत होतीस, लिहिलंय तशा घेते!"

"घेतच होते!" आता ताईंचाही आवाज चढला. "कागद तुझाच आहे. काढ आणि वाच. सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणानंतर तीस मिनिटांनी. पहाटे साडेचारला उठून मी पीठ मळते. मी सकाळी जेवते कधी? रविवारी तुझ्याबरोबर जेवते, रविवारी घेते. जेवणच नाही तर जेवणानंतरची गोळी कशी घेऊ?"

"असं मी लिहिलेलंच नाही," बाई म्हणाल्या. "इंग्रजीत जेवणाचा शब्दसुद्धा नाही. मला पाठ आहे."

त्या तरातरा वर गेल्या. इंग्रजी काढलं: एक गोळी सकाळी, एक गोळी संध्याकाळी. बस. शेजारी आपलं कोरियन ठेवलं. सकाळी आणि संध्याकाळी एकेक गोळी, जेवणानंतर तीस मिनिटांनी. तीन शब्द. त्यांचे स्वतःचे.

आता यात त्यांचा तरी काय दोष म्हणायचा? या देशात गोळीच्या प्रत्येक पुडीवर ते तीन शब्द छापलेले असतात. खोकल्याची असो, दातांची असो. औषधवाला बोलतो तेच, आई सांगते तेच. गोळी म्हटली की ते शब्द आपोआप मागून येतात. बाईंनी ते कधी लिहिले हे बाईंनाच कळलं नव्हतं. ताईंचं लाटणं थांबलं नव्हतं. आणि उलटोबाचं इंग्रजी? बाईंनी तेही काढलं. एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी. त्याने ते तीन शब्द वाचलेच नव्हते. त्यालाही ते दिसले नव्हते. बाईंनी नकळत घातलेलं त्याने नकळत काढून टाकलं, आणि दोन्ही इंग्रजी कागद तंतोतंत जुळले.

बाईंनी तिन्ही कागद ओळीवर बोट ठेवून पुन्हा एकदा वाचले. मग खूप रडल्या. ज्या एका माणसासाठी कागद जिवापाड नीट करावा, त्याच माणसाचा घात त्यांनी केला होता.

ताई जिना चढून आल्या, धापा टाकत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले. "रडतेस कशाला? आजपासून उपाशीपोटी घेते. कुणाला काय कळतंय?"

"परवा नाव काढतील तुझं. दोन दिवसांत काय होणार? आणि तू एकटी आहेस का? दीडशे लोक आहेत, ताई. त्यांतले किती जण सकाळी जेवत नसतील?"

"मग तू काय करणार?"

"सांगणार."

"तुझं काम जाईल."

"जाईल."

ताई गर्रकन वळल्या. खाली जाऊन त्यांनी भांडी एवढ्या जोरात आपटली, की शेजारचा चांभार बघायला आला.

बुधवारी सकाळी बाईंनी कंपनीतल्या सेरिनला फोन केला. सेरिन पस्तिशीची, कामं वाटणारी मुलगी, बाईंचा धाक असलेली. बाईंनी दोन्ही वाक्यं तिला वाचून दाखवली.

"बाई, हे वर कळवावं लागेल. चौकशी होईल. तीन आठवडे तरी लागतील. आणि उलटं भाषांतर करणाऱ्यांचंही नाव येईल त्यात."

"त्याचं नाव कशाला? वाक्य माझं आहे."

"नियम आहे, बाई. आणि कृपा करून तुम्ही इस्पितळात जाऊ नका हं. भाषांतर करणाऱ्याने रुग्णाला भेटायचं नसतं."

"रुग्णाच्या माडीवर एकवीस वर्षं भाड्याने राहते मी," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. चौकशीला तीन आठवडे, आणि ताईंचं नाव उद्या जाणार. थांबून चालणारच नव्हतं.

गुरुवारी दोघी बसने गेल्या. बाईंच्या पिशवीत तो पत्र्याचा डबा, इंग्रजी कागद आणि रात्रीत लिहिलेली कबुली. ताई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्याही डोक्यात काहीतरी शिजत होतं. अख्ख्या प्रवासात एकदाच म्हणाल्या, "ऊन किती आहे."

डॉक्टर दोक्को पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, खरंच भले गृहस्थ. त्यांनी ताईंना कागदावर गोगलगायीच्या शंखासारखी गोल गोल रेघ काढायला सांगितली. ताईंची रेघ कंप पावत, ठेचकाळत कागदाबाहेर गेली. डॉक्टर ती बघून हळू आवाजात म्हणाले, "आजी, वाईट वाटतंय मला. औषध लागू पडत नाहीये. आज थांबवावं लागेल."

बाईंनी डबा काढून टेबलावर ठेवला. "लागू कसं पडेल, डॉक्टर? निम्मं औषध यात आहे."

डॉक्टरांनी झाकण उघडलं. कोपऱ्यातली नर्सही पुढे आली. "आजी! अहो, तुम्ही घेतल्याच नाहीत? आणि रिकामी पाकिटं कशी दिलीत?"

बाईंनी तोंड उघडायच्या आत ताई ठणकावून म्हणाल्या, "मला वाचता येत नाही."

नर्सने चमकून डॉक्टरांकडे पाहिलं.

"कागदावर काय लिहिलंय मला माहीतच नाही. आमच्या वेळी मुलींना कोण शाळेत घालतंय? मनाला येईल तशा घेतल्या. कागदाचा काही दोष नाही, लिहिणाऱ्याचाही नाही."

नर्स गडबडली. "डॉक्टर, वाचता येत नसेल तर सहीच्या वेळी साक्षीदार लागतो. तसं असेल तर यांची सहीच बाद. नाव लगेच रद्द होईल, पुन्हा घेताही येणार नाही."

"होऊ दे रद्द," ताई म्हणाल्या.

मग मात्र मेंगबाईंचा तोल सुटला. इस्पितळ बघितलं नाही, डॉक्टर बघितला नाही. "वाचता येत नाही? हिला? डॉक्टर, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं माझ्याआधी सोडवते ही! एकवीस वर्षं माझा प्रत्येक कागद हिच्यासमोर वाचलाय मी, प्रत्येक कागदात खोड काढलीय हिने! खोटं बोलतेय!"

"तू गप गं!" ताई ओरडल्या. "तुझं नाव जाईल म्हणून बोलतेय ना मी! मला काय करायचेत हे हात? सत्तर वर्षं वापरले, पुष्कळ झाले. तुझं काम गेलं तर वर खोलीत बसून काय करशील तू? भिंतीशी भांडशील?"

"आणि तू दुकानाला कुलूप घालून काय करशील?"

दोन म्हाताऱ्या डॉक्टरांच्या टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींवर ओरडत होत्या, आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डॉक्टर बिचारे आलटून पालटून दोघींकडे बघत होते. शेवटी त्यांनी माहितीपत्रक उचललं आणि ताईंसमोर धरलं. "आजी, माझ्यासाठी एवढं करा. हे वाचता येतं की नाही, खरं सांगा."

ताईंनी कागद घेतला. तो त्यांच्या हातात फडफडत होता. थोडा वेळ त्या अडून बसल्या. मग बाईंच्या तोंडाकडे बघून हरल्या आणि घडाघडा वाचायला लागल्या. "औषध कसं घ्यावं. सकाळी आणि संध्याकाळी एकेक गोळी, जेवणानंतर तीस मिनिटांनी, पाण्याबरोबर गिळावी."

"छान वाचता की," डॉक्टर म्हणाले. नर्सनेही मान डोलावली. "मग सकाळची गोळी का नाही घेतलीत?"

"सकाळी मी जेवत नाही. कधीच नाही."

"बरं. मग?"

डॉक्टर खरोखरच वाट बघत होते. त्यांना काहीही खटकलं नव्हतं. नर्सलाही नाही. बाईंनी पिशवीतून इंग्रजी कागद काढला आणि त्या ओळीवर बोट ठेवून तो पुढे सरकवला. डॉक्टरांनी ओळ वाचली. मग ताईंच्या हातातला कागद घेऊन तो वाचला. मग पुन्हा इंग्रजी.

"यात जेवण नाहीये," ते म्हणाले.

"नाही. ते मी घातलं. मी, मेंग युनदोक. हा कबुलीजबाब." बाईंनी तो पुढे ठेवला. "हिचा अपराध नाही. हिने माझ्यावर विश्वास ठेवला, एवढीच चूक."

डॉक्टरांनी कबुली वाचायला घेतलीच नाही. ते खुर्चीत मागे टेकले. "दर तपासणीला मी आजींना तेच सांगितलं, जेवणानंतर घ्या. तोंडी. या खोलीत. इंग्रजी कागद माझ्या कपाटात होता, मी तो वाचला होता."

मग त्यांनी एक ग्लास पाणी मागवलं, डब्यातली एक गोळी काढून ताईंच्या तळहातावर ठेवली. "औषध घेऊन फरक न पडणं वेगळं आणि औषध न घेणं वेगळं. तुमचं नाव मी आज काढत नाही. वरती काय भांडायचं ते मी भांडेन. घ्या."

"आत्ता? पोटात काही नाही माझ्या," ताई घाबरून म्हणाल्या आणि त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी ग्लास त्यांच्या ओठांना लावला. ताईंनी गोळी गिळली.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते, कारण लोक तेच विचारतात. दीडशेपैकी एक्केचाळीस जण सकाळची गोळी घेत नव्हते. सगळ्यांचे आठवडे नव्याने मोजले गेले, ताईंचेही. हात अगदी थांबले नाहीत, पण सुरी धरवायला लागली. उन्हाळा गेला, हिवाळा आला आणि दुकानाला काही कुलूप लागलं नाही. कंपनीने मेंगबाईंचं नाव यादीतून काढलं, उलटोबाचंही. बाईंना स्वतःचं वाईट वाटलं त्यापेक्षा त्याचं जास्त वाटलं. तो कोण होता हे त्यांना कधीच कळलं नाही. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

पण हे सगळं नंतरचं. त्या गुरुवारी, ताईंनी गोळी गिळल्यावर, दोघी उठायला लागल्या तर डॉक्टरांनी हाताने खुणावलं, थांबा. नर्सला म्हणाले, "यादी आण. सगळ्यांना आजच फोन करायचेत." ती यादी आणायला गेली. डॉक्टरांनी स्वतःचा मोबाइल खिशातून काढला, आणि एक नंबर लावला. यादीतला नव्हता. पाठ असलेला होता.

"आई? मी बोलतोय. हो, जेवलो. तू? आई, ऐक ना. रक्तदाबाची सकाळची गोळी घेतेस ना रोज?"

गावाकडच्या म्हाताऱ्या फोनवर ओरडूनच बोलतात. त्यामुळे पलीकडचं दोघींनाही लख्ख ऐकू आलं.

"घेते की! जेवले की घेते, तू सांगितलंस तशी. तुझे बाबा गेल्यापासून सकाळी एकटीसाठी भात कोण लावतंय रे? पण तू काळजी करू नकोस, ज्या दिवशी लावते त्या दिवशी अगदी घड्याळ लावून घेते."